मे महिन्यातलं घर आणि तीन दिवसांचा एकांत

गोव्यात मे महिन्यात सगळंच एकदम येतं. मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, लग्नं-मुंजी असतात, कुलदेवाचा वर्धापनदिन असतो आणि पाऊस लागायच्या आत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायचं असतं. या गडबडीत ‘दोन दिवस कुठेतरी शांत जाऊन बसू’ हे ठरतं आणि राहून जातं. राहून जातं कारण एकांताची तारीख सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत घातली जाते, आणि मे महिन्यात जागा उरत नाही. शिवाय जाणारा माणूस इतका दमलेला असतो की देवळात पोचल्यावर साधनेऐवजी झोपच होते. म्हणून खालची सगळी पद्धत दोन गोष्टींवर उभी आहे: तारीख आधी धरायची, आणि आधी झोप भरून काढायची, मग साधनेला बसायचं.

कॅलेंडर कसं मांडायचं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसावं. आधी न हलणाऱ्या तारखा लिहा: ठरलेली लग्नं, वर्धापनदिन, जत्रा, मुलांची शाळा. २०२५ पासून सहावीपुढचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत, म्हणजे मुलांची मोकळी सुट्टी मे महिन्यापुरतीच धरायची. जुन्या हिशेबाने एप्रिलमधला बेत केला की फसतो.

दुसऱ्यांदा पुरुमेंताचे उन्हाचे दिवस लिहा. तिसऱ्यांदा एकांताच्या तारखा, नावासकट. पाहुण्यांचे दिवस सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पुढचं काहीच जमत नाही. पाहुण्यांना ‘कधीही या’ म्हणण्याऐवजी ‘पाच ते बारापर्यंत या, तेव्हा आम्ही सगळे घरी आहोत’ असं एप्रिलमध्येच कळवलं तर कुणाला वाईट वाटत नाही, त्यांनाही तिकीट काढायला सोपं जातं.

घरातल्या बाईचा एकांत आधी लिहा, मग पुरुषाचा. काही अडलं की आधी रद्द होतो तो बाईचाच, आणि बहुतेक घरांत तिलाच त्याची जास्त गरज असते.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात लग्नं-मुंजी नसतात, त्यामुळे ती सगळी सोळा मेच्या आत दाटतील. पुढे जावयाला वाण देण्याचे कार्यक्रम आणि देवळांतली गर्दी वाढेल, पण त्या घरगुती तारखा आपल्या हातात असतात. एकांतासाठी १८ ते २२ मे हा आठवडा, त्यातले मधले तीन दिवस, चांगले. शनिवार-रविवार टाळाच.

सोलं, म्हणजे सहा दिवसांची बांधिलकी

पुरुमेंतातल्या बाकीच्या गोष्टी विकत आणून डब्यात भरल्या की झालं. मिरच्यांना दोन-तीन कडक उन्हं पुरतात, चिंचेला मीठ लावून गोळे केले की काम संपलं. सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, मात्र माणसाला घरी बांधून ठेवतात, म्हणून त्यांचा हिशेब नीट समजून घ्या.

पिकलेली, गडद लाल भिरंडं (कोकमाची फळं) धुऊन पुसून अर्धी कापायची. आतला गर आणि बिया मोठ्या भांड्यात काढून मीठ घालायचं. एक किलो सालांमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडं मीठ लागतं. थोड्या वेळात रस सुटतो. सालं दिवसभर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून त्याच रसात बुडवायची, रात्रभर झाकून ठेवायची आणि सकाळी निथळून पुन्हा उन्हात. पाच-सहा फेऱ्यांनी साल काळपट, चिवट आणि चकचकीत होते. बोटाने दाबली तर रस सुटत नाही. भांडं चिनी मातीचं, काचेचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमला रसातलं आम्ल खातं आणि सोलांना धातूची चव लागते. बुरशी येते ती तीन कारणांनी: मीठ कमी पडलं, एखादी संध्याकाळ बुडवायची राहिली, किंवा शेवटच्या दिवशी उन्हातून उचलून गरम असतानाच बरणीत भरली. गरम सोलांची वाफ झाकणाला लागून खाली पडते. पूर्ण थंड होऊ द्या, मग भरा.

म्हणजे सहा दिवस सकाळ-संध्याकाळ एक माणूस घरी हवा. एकांत याच्या मध्ये येऊ देऊ नका. सोलं शक्यतो दहा मेच्या आत उरका. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल असं धरून चालू नका. २०२५ मध्ये तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात पोचला होता. भिरंडं कापायला मुलांना आणि पाहुण्यांना बसवा. हात लाल होतात, गप्पा होतात, आणि कुटुंबाने एकत्र वेळ घालवणं वेगळं ठरवावं लागत नाही.

विश्रांतीचा हिशेब

आपल्याकडे उकाडा रात्रीही उतरत नाही. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि सात तास पडूनही झोप तुटक होते. एकांताला जायच्या आधीचे पाच दिवस यावरच घालवा. रात्रीचं जेवण आठच्या आत, हलकं. झोपण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ. अगदी गार पाणी घेतलं की थोड्या वेळाने उलट गरम वाटतं. जाड फोमच्या गादीपेक्षा चटईवर सुती गोधडी बरी. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, डासांसाठी जाळी. पाहुणे असतील तर बल्कावातल्या (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवरच्या) गप्पा दहाला थांबवायची जबाबदारी एकाने घ्यावी.

दुपारी वीस ते तीस मिनिटं आडवं व्हा. दीड तास झोपलात तर उठताना डोकं जड होतं आणि रात्रीची झोप जाते. भर दुपारी जेवणावर फणसाचे गरे खाऊन झोपणं तर टाळावंच.

दहा-साडेदहाची पेज पुन्हा सुरू करा. एक वाटी उकड्या तांदळाला सात-आठ वाट्या पाणी, मंद आचेवर तांदूळ फुटेपर्यंत, वर मीठ. सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. मीठ आणि पाणी दोन्ही पोटात जातं, दुपारचं जेवण आपोआप कमी होतं. मुलांना संध्याकाळी नाचणीची तिझण द्या. चौघांसाठी अर्धी वाटी नाचणी रात्री भिजवा, सकाळी वाटून गाळून घ्या, तीन वाट्या पाणी, अर्धी वाटी गूळ, चिमूटभर मीठ, आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. घट्ट होऊ लागली की वाटीभर नारळाचा रस घालून एकच कढ. ढवळणं सोडलं की तळाला गुठळ्या बसतात.

रोजचं बसणं

वर्षभर न बसणारा माणूस तीन दिवस बसू शकत नाही. पाठ दुखते, मन घरी धावतं, दुसऱ्या दिवशी तो परततो. जायच्या आधी किमान तीन आठवडे रोज अर्धा तास बसायची सवय करा. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पाच ते साडेपाच ही वेळ गार असते आणि त्या वेळी घरातलं कुणी काही मागत नाही. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राची एक माळ सात-आठ मिनिटांत होते. पहिल्या आठवड्यात दोन, मग तीन, मग चार माळा. घाईने वाढवू नका.

मुलांचा वाटा संध्याकाळच्या दिवेलागणीचा. शुभंकरोती आणि रामरक्षा मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. पाहुण्यांची मुलंही ओसरीवर बसवा. एकाला रामरक्षा येत असेल तर बाकीची आठवड्यात निम्मी शिकतात. लहान मूल मध्येच उठलं तर ओरडू नका. दिवा लावायचं किंवा घंटा वाजवायचं काम दिलं की ते टिकतं.

कुठे जायचं

लांब जायची गरज नाही. फोंडा तालुक्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही देवस्थानं एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत आणि मोठ्या देवळांना अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, आहेत. खोली महाजन-कुळाव्यांना (ज्यांचा तो कुलदेव त्या घराण्यांना) आधी मिळते, म्हणून आपल्या कुलदेवाच्या कचेरीत महिनाभर आधी विचारा. विचारायचं ते असं: एकट्या माणसाला खोली देता का, एकट्या बाईला देता का, जेवण प्रसादाचं मिळतं की बाहेर जावं लागतं, दार रात्री किती वाजता बंद होतं, त्या तारखांना मोठं अनुष्ठान किंवा लग्न आहे का. शेवटचा प्रश्न विसरलात तर शेजारच्या मांडवात तीन दिवस लाउडस्पीकर ऐकत बसाल.

मंगेशीला सोमवारी पालखी असते, म्हार्दोळला रविवारी. पालखी बघायची असेल तर जरूर जा, एकांतासाठी तो दिवस सोडा. मंगेशीला सकाळी पर्यटकांच्या गाड्याही असतात. बसायला नागेशीची तळी पहाटे फार शांत असते. पाणी स्थिर, भोवती माडांची सावली, आणि आत देवळात काकड्याची चाहूल. तिथे देव मूळ जागीच आहे. १४१३ सालचा शिलालेख देवळाच्या आवारात आहे. बाकीचे बरेच देव सोळाव्या शतकात नदीपलीकडून इथे आणावे लागले.

तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ अर्ध्या दिवसासाठी उत्तम, पण ते जंगलात आहे, राहायची सोय धरू नका, आणि बसेस मोजक्याच असल्यामुळे परतीचं वाहन आधी ठरवा. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर म्हणजे घरातून बारा दिवस, मध्ये फोन नाही आणि अर्ध्यात उठून येणं अपेक्षित नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मे महिन्यात ते नको.

घर सोपवणं

इथेच बहुतेक बेत मोडतात. कामं सोपवली जातात, पण निर्णय सोपवले जात नाहीत. मग ‘आज भाजी कसली करू’ म्हणून फोन येतो, एका फोनचे पाच होतात. वहीचं एक पान करा: तीन दिवसांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची यादी, पोदेराकडून (पाववाल्याकडून) किती पाव, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का, नळाचं पाणी आलं नाही तर बावीचा (विहिरीचा) पंप कधी लावायचा, दुरुस्तीसाठी वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं. खाली एक ओळ ठळक: फोन कधी करायचा. ताप, पडणं, कुणाचं निधन. बाकी सगळं घरच्यांनी ठरवायचं, आणि परत आल्यावर त्याबद्दल बोलायचं नाही.

जायच्या दोन दिवस आधी तालीम करा. तुम्ही घरातच, पण उत्तर द्यायचं नाही. विळी कुठे आहे, मुलाचा गणवेष कुठे आहे, हे त्या दिवशी सापडतं आणि वहीत जातं.

शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेआधी व्रत धरतात, तेव्हा घर सोडून झऱ्या-तळ्याकाठी एकत्र राहतात, स्वतः रांधलेलं शाकाहारी जेवण जेवतात, पुन्हा पुन्हा स्नान करतात. हा आपल्याच मातीतला, भर उन्हाळ्यातला एकांत आहे. तो पार पडतो कारण अख्ख्या वाड्याला ठाऊक असतं, आणि कुणी त्या दिवसांत धोंडाला कामाला बोलवत नाही. तुमचंही शेजाऱ्यांना, कचेरीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर आधी सांगून टाका. लपवून गेलेल्याला शोधत माणसं येतात.

तीन दिवस

सुती चादर, चटई, तांब्या, विजेरी, डासांची अगरबत्ती, रोजची औषधं, एक वही. पुस्तकं एकच. पहिल्या दिवशी दुपारी पोचा आणि झोपा, अपराधी वाटून घेऊ नका. संध्याकाळच्या आरतीपासून मौन धरा. दुसरा दिवस पूर्ण: पहाटे दीड तास, सकाळी एक, दुपारी विश्रांती, संध्याकाळी एक, मध्ये सावकाश प्रदक्षिणा आणि चालणं. फोन बंद, फक्त संध्याकाळी सातला पाच मिनिटं चालू. तिसऱ्या दिवशी सकाळची बैठक, पूजा, आणि दुपारच्या जेवणाआधी घरी.

कडक उपास करू नका, निर्जळी तर नाहीच. या उकाड्यात चक्कर येते. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वेळेवर खा. साबुदाणा आणि तळलेलं खाऊन केलेला उपास जडपणा आणतो. त्यापेक्षा पेज, फळं, नारळाचं पाणी.

परतल्यावर त्या दिवशी धुण्याचा ढीग उपसू नका, कुणाकडे जेवायला जाऊ नका. प्रसाद वाटा, ज्याने घर सांभाळलं त्याला दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी द्या आणि त्याच्या एकांताची तारीख कॅलेंडरवर पक्की करा. वहीत काय राहून गेलं होतं ते त्याच रात्री लिहून घ्या, म्हणजे पुढच्याला पान तयार मिळेल. आणि सोलांची बरणी एकदा उघडून बघा. तळाला ओल दिसली तर अजून एक-दोन उन्हं मिळतील.