साप चावला अन् घरचे मांत्रिकाकडे निघाले, तर काय कराचं

पहिले तर त्या घडीला घरच्या बुढीशी अंधश्रद्धेवर वाद घालत बसू नका. ती मीठ-मिरची उतरवतो म्हणते ना, उतरवू द्या, दोन मिनिटाचं काम आहे, तेवढ्यात तुम्ही 108 ला फोन लावा, अन् गाडीला टाइम लागत असेल तर गावात जी चारचाकी भेटल ती काढा. चावलेला पाय हलू देऊ नका, दोरी करकचून आवळू नका, ब्लेड तर अजिबातच नको.

खरी भानगड मांत्रिकाची. तो कडुनिंबाचा पाला चावायला देते, कडू लागला की म्हणते विष नाही चढलं, अन् घरचे निवांत. जिभेवरून विष कळत नसते भाऊ! मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते, धड दुखत नाही की सुजत नाही, मग पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडकते. मांत्रिकाचं नाव होते ते धामणीसारख्या बिनविषारी सापामुळं, तो पेशंट तसाही वाचणारच होता (हे मात्र मागून सांगा, तेव्हा नाही).

मोठ्यांना एवढंच म्हणा, बाबा, आधी दवाखान्यात विषावरची सुई, मग मंत्र. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच औषध चालते. तरी मांत्रिक अडवतच असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सांगा, साप-विंचू-कुत्रं चावल्यावर उपचार रोखणं त्यात गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत जेल.

अन् हा विषय पेरणीच्या आधीच घरात काढा, जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ही सुई भेटते तेही तेव्हाच विचारून ठेवा.