कातळसड्यावर बोअर घेण्याआधीची जीवपाहणी

मे महिन्यात सडा (जांभ्या खडकाचं उघडं पठार) पाहणाऱ्याला काळा जांभा आणि वाळकं गवत एवढंच दिसतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या शोधासाठी बोअर घ्यायचे असतील आणि पाहणी फक्त उन्हाळ्यात उरकली, तर अहवालात 'ओसाड जागा' असंच लिहिलं जाणार. म्हणून आधी कॅलेंडर ठरवा. पहिल्या सरींनंतर लगेच एक फेरी, भर पावसात दुसरी, सप्टेंबरअखेर तिसरी आणि एप्रिल-मेमध्ये चौथी. पहिली चुकली तर वर्ष वाया जातं. आंबोलीचा चिमुकला भेक (झँथोफ्राइन टायग्रिना, शास्त्राला २००९ पासून माहीत) पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. दिपकाडीही त्याच सुमाराला फुलते, नंतर तिचा कांदा मातीत शोधूनही सापडत नाही.

नकाशावर नुसते बोअरचे बिंदू नकोत. रिग (बोअर पाडणारं यंत्र) नेण्याची वाट, पाण्याची टाकी, गाळाचा खड्डा हेही दाखवा. मग सड्यावरचं पाणी कुठे वाहतं ते पावसात चालत जाऊन पाहा. वनहद्दीच्या आतला ओढा बहुतेक वेळा याच पाण्यावर असतो आणि बोअरचा गाळ त्याच वाटेने खाली उतरतो.

सर्वांत जास्त वेळ सुट्या दगडांना द्या. सड्यावरच्या कितीतरी जिवांचं घर तेच. पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल (हेमिडॅक्टिलस अल्बोफॅशिएटस) दगडाखालीच राहते, आणि फुरसंही. बोअरच्या जागी १० बाय १० मीटरचे चौकोन आखा आणि तेवढेच चौकोन कामापासून दूर, तुलनेसाठी. गमबूट आणि जाड हातमोजे घालून दगडाची पलीकडची कड हुकासारख्या आकड्याने स्वतःकडे उचला, म्हणजे साप निघाला तरी मध्ये दगड राहतो. दगडाची लांबी, रुंदी, जाडी आणि खाली माती की नुसता कातळ, हे लिहा. फोटो काढून दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. उलटा किंवा सरकवून ठेवला की खालचा ओलावा जातो आणि जागा निकामी होते. परवानगीशिवाय प्राणी पकडू नका, वन्यजीव कायदा इथेही लागू आहे.

डबक्यांची लांबी-रुंदी आणि सर्वांत खोल जागा पट्टीने मोजा. डास पळवायचं मलम लावलेला हात पाण्यात घालू नका. अंधार पडल्यावर प्रत्येक डबक्याशी पाच मिनिटं शांत उभं राहून बेडकांचे आवाज रेकॉर्ड करा. सीतेची आसवं, गेंद या पावसाळी फुलझाडांसाठी १ मीटरचा चौकोन पुरतो.

जंगलाच्या कडेला गवा, बिबट्याच्या वाटांवर हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावा: जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, वाटेपासून ३-४ मीटर. तोंड पूर्व-पश्चिम नको, उन्हाने फसवे फोटो येतात. समोरचं गवत कापलं नाही तर कार्ड त्याच्याच हलण्याने भरतं.

नोंदीत 'आढळले नाही' एवढंच लिहिणं अप्रामाणिक आहे. किती दगड उचलले, किती तास फिरलात, त्या दिवशी पाऊस होता का, हे त्याच ओळीत हवं. डबकं सापडलं तर बिंदू हलवायला सांगा. वीस-तीस मीटरने शोधाचं फारसं बिघडत नाही, डबक्याचं मात्र सगळं वाचतं. गाळाचा खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, डबक्यांपासून दूर. वाटेसाठी दगड बाजूला सारावे लागले तर प्रत्येकावर खडूने क्रमांक घाला आणि जागेचा फोटो ठेवा, म्हणजे रिग गेल्यावर ते परत जागेवर ठेवता येतात.