काकस्पर्श लवकर व्हावा म्हणून

पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवला की कावळा शिवेपर्यंत सगळे खोळंबतात. पिंड भाताचा, वर थोडं दही. उघड्या जागी ठेवा, पत्र्याखाली नको, वरून दिसला पाहिजे. मग दहा-पंधरा पावलं मागे सरा. घोळका करून ‘काव काव’ केलं, मोबाइल रोखला की कावळा बिचकतो. त्यात मृताची इच्छा वगैरे काही नसते. ‘मुलांना सांभाळू, काळजी करू नका’ असं म्हणायची रीत आहे. म्हणावं, पण लांबून. पितृपक्षात जागोजागी पानं वाढलेली, कावळ्यांची पोटं तुडुंब, तेव्हा सकाळीच उरका. तासभर थांबूनही नाहीच शिवला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. चार काड्या आधीच बाजूला ठेवा.