मोझार्ट ऐकायचा तर खालून ऐका

परवा दिघ्याच्या आसपास आमच्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या एका मैत्रिणीने माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. मिनिटभर ऐकलं आणि परत देत म्हणाली, "छान आहे गं, पण ह्यात धरायचं काय?" ती ऐरोलीला उतरते, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आता लिहून देते.

मी ठाण्याच्या नौपाड्यातली, नोकरी नवी मुंबईत कोपरखैरण्याला, अकाउंट्समध्ये. संगीत शिकलेली नाही. जाता-येता वीस-वीस मिनिटं वेस्टर्न क्लासिकल ऐकते, सात-आठ वर्षं झाली. अधिकार म्हणाल तर एवढाच.

आपला कान गाण्यावर पोसलेला असतो. गाणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. त्यामुळे काहीही लावलं की आपण आधी चाल शोधतो. या संगीतात चाल बऱ्याचदा चार पावलं चालून संपते, मग आपल्याला वाटतं आता नुसता गोंगाट चाललाय. तर माझं सांगणं असं की चाल सोडा आणि तिच्या खाली जे वाजतंय ते धरा. मला हे उमगायला दोन वर्षं लागली.

सुरुवात पाठ असलेल्या चालीपासून करा. १९६१ च्या 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' आठवतंय ना? सलील चौधरींनी तो मुखडा मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून बांधला. सिंफनी म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. ही १७८८ ची. तिचा पहिला भाग लावा, सात-आठ मिनिटांचा आहे. व्हायोलिनवर ती ओळखीची चाल येण्याच्या क्षणभर आधी खाली काहीतरी गुणगुणायला लागलेलं असतं. ते व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचे थोरले, जरा घोगरे भाऊ. ते आधीच अस्वस्थ आहेत, चाल नंतर येते. पहिल्यांदा ऐकताना चालीवर खूश व्हा. दुसऱ्यांदा फक्त ती खालची घालमेल ऐका, ती कुठे थांबते, कुठे नुसती जागा बदलते. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून आपोआप ऐकू येतं. तीनदा ऐकायचं, पण एका दिवसात नाही. सोम, मंगळ, बुध.

ती पचली की पंचविसावी. तिची ओळख करून द्यायची गरज नाही, टायटन घड्याळाच्या जाहिरातीने ती आपल्या पिढीच्या डोक्यात कायमची बसवली आहे. लिहिली तेव्हा मोझार्ट सतरा वर्षांचा होता.

शोधताना एक अडचण येते. या दोन्ही सिंफनी 'जी मायनर' या एकाच स्वरपट्टीतल्या आहेत, नुसतं 'मोझार्ट, जी मायनर' टाकलं तर भलतीच समोर येते. म्हणून नंबर टाकायचा. मोझार्टच्या रचनांची यादी क्योखेल नावाच्या गृहस्थांनी १८६२ मध्ये छापली. शिक्षण कायद्याचं, नाद वनस्पती आणि खनिजं गोळा करण्याचा. त्यांच्या नावाचा 'के' लावून चाळीसावी म्हणजे के ५५०, पंचविसावी के १८३, शेवटचं अपुरं राहिलेलं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, के ६२६. मोझार्टच्या आधीच्या बाख या संगीतकाराच्या यादीला बीडब्ल्यूव्ही म्हणतात. व्हाउचर नंबर असल्याशिवाय मी एंट्री करत नाही, त्यामुळे मला हा क्योखेल फारच आवडतो.

आता बाख. पण आधी इअरफोनची रबरी टोकं तपासा. ती कानात घट्ट बसली नाहीत तर सगळ्यात आधी खालचे सूर पळतात आणि माझा हा सगळा उपदेश फुकट जातो. शिवाय गाडीत मोठा ऑर्केस्ट्रा शक्यतो नकोच. हळू वाजणारं चाकांच्या खडखडाटात बुडतं, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि मग एकदम सगळे वाजायला लागतात. हायडन या मोझार्टच्याच काळातल्या संगीतकाराच्या चौऱ्याण्णवाव्या सिंफनीचा दुसरा भाग मी रबाळ्याजवळ असाच आवाज वाढवून ऐकत होते. त्यात मुद्दाम बसवलेला एक दणका आहे, १७९२ मध्ये लंडनच्या श्रोत्यांना दचकवणारा. शेजारच्या बाईंच्या मांडीवर माझा डबा सांडता सांडता वाचला.

गाडीसाठी एकटं वाद्य उत्तम. बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड, बीडब्ल्यूव्ही १००७, अडीच मिनिटांचा. सुइट म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ, प्रेल्यूड तिची सुरुवात. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घरातलं, गुडघ्यांत धरून वाजवायचं भारदस्त वाद्य. एक चेलो, दुसरं कोणी नाही. सूर झोके घेतल्यासारखे वर जाऊन येतात, आणि सुरुवातीला प्रत्येक झोका एकाच खालच्या सुरावरून निघतो. आमच्या सासूबाई नाट्यसंगीताच्या. त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकून विचारलं, "तानपुरा कधी जुळणार ह्याचा?" हसू आलं, पण कान बरोबर जागी गेला होता. तो खालचा सूर षड्जासारखाच काम करतो. फरक पुढे आहे. आपला षड्ज हलत नाही, बाखचा थोड्या वेळाने हलतो, आणि तो हलला की वरचे झोके तसेच असूनही रंग पालटतो. शेवटाकडे एक तार सतत वाजत राहते आणि तिच्यावरून दुसरा सूर पायरी पायरीने चढत जातो. तिथे माझं कोपरखैरणे दोनदा चुकलंय.

बाखचे असे सहा चेलो सुइट आहेत, ते एके काळी मैफलीत फारसे कोणी वाजवत नसे. पुढे मोठा चेलोवादक झालेल्या पाब्लो कासाल्सला तेराव्या वर्षी त्यांची छापील प्रत बार्सिलोनातल्या एका दुकानात सापडली. पुढे १९३६ ते १९३९ च्या दरम्यान त्याने सहाही ध्वनिमुद्रित केले. रेकॉर्डिंग खरखरीत आहे, आधी नव्या वादकाचं ऐका.

नोकरदार माणसाने हायडनची पंचेचाळिसावी मात्र ऐकलीच पाहिजे. ही घरी, रात्री, पंखा हळू करून. साल १७७२. हायडन एस्टरहाझी या सरदाराच्या पदरी होता. सरदारसाहेबांचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबतच चालला, वादकांची बायकामुलं तिकडे आयझेनश्टाटला, आणि रजा मागायची हिंमत कोणाची? हायडनने अर्जाऐवजी सिंफनी लिहिली. शेवटचा भाग जोरात सुरू होतो, मध्येच थबकतो आणि संथ होतो. मग एकेक वादक आपला तुकडा वाजवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. फुंकून वाजवायचे ओबो गेले, हॉर्न गेले. मग डबल बेसची पाळी. एरवी कोपऱ्यात उभं राहून घूंघूं करणारं हे वाद्य इथे एकट्याने बोलून घेतं आणि निघून जातं. या जागी डोळे मिटा. खालचं सगळं काढून घेतल्यावर वरची चाल कशी अधांतरी होते, ते इथे ऐकू येतं. मग चेलो, मग इतर व्हायोलिन, व्हायोला. शेवटी दोनच व्हायोलिन, तीही आवाज दाबलेली. दुसऱ्या दिवशी मंडळी घरी निघाली म्हणतात. आमच्याकडे मार्चअखेरीला मी हीच लावते, साहेबांना कळत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. बीथोव्हेनची पाचवी सगळ्यांना माहीत आहे, पण पाऊस लागला की सहावी काढा. तिच्या चौथ्या भागातलं वादळ येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले असताना खिडकीशी बसून ऐकायचं. विवाल्डीचे चार ऋतू, म्हणजे 'फोर सीझन्स', मला आता नकोसे झालेत, फोन होल्डवर ठेवणाऱ्यांनी त्यांची पार वाट लावली. देब्युसी रात्री अकरानंतर.

महिना-दोन महिन्यांनी कोण आवडतो हे कळायला लागतं. मग एकदा प्रत्यक्ष ऐका. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. स्वस्तातलं तिकीट काढा, ऑफिसातून लवकर निघा, ठाण्याहून फास्ट पकडा. टाळ्यांचं मात्र लक्षात ठेवा: रचनेचे भाग मध्ये थांबतात, तेव्हा वाजवायच्या नसतात. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो की मी टाळ्या सुरूच केल्या. आणखी दोघंतिघं होते, पण मी पहिली. पुढची दहा मिनिटं मान खाली घालून बसले, त्यामुळे चौथा भाग नीट ऐकला. तो विझत विझत जातो. हायडनकडे वरची व्हायोलिन उरतात, इथे उलटं होतं, वरचे सगळे गप्प होतात आणि अगदी तळाला चेलो आणि डबल बेस तेवढे धुगधुगत राहतात. ते कधी थांबले ते मला कळलंच नाही. टाळ्या या वेळी मी सगळ्यात शेवटी वाजवल्या.