जुन्या पीसीवर लिनक्स आणि वर्डप्रेस : या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि घरोघरचे जुने पीसी एकदम 'बाद' झाले. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या मोफत आवृत्त्या) टाकून बघायचा मोह होतोच. मला तर हा नाद बऱ्याच वर्षांपासूनचा आहे, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका स्वतः करून झाल्या आहेत.

पेनड्राइव्हपासूनच सुरुवात करू. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (जिच्यात अख्खं लिनक्स असतं ती) नुसती कॉपी-पेस्ट केली तर पीसी तिच्यावरून सुरू होत नाही. ती रुफससारख्या प्रोग्रॅमने 'लिहावी' लागते, आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह त्यासाठी घेऊ नका.

लॅपटॉप विंडोज ११ चा असेल तर बायोसला (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते बघा. बऱ्याच नव्या मशिनवर ते आपल्या नकळत चालू असतं. बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काय उपयोग?

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्हच्या फाइल दिसतात, पण तिथं काही सेव्ह होत नाही, आणि आपण उगाच परवानग्या तपासत बसतो.

घड्याळाने तर मला चांगलंच फिरवलं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की रात्रीचे नऊ वाजलेले असताना कोपऱ्यात दुपारचे साडेतीन. सेल गेला असणार, असं म्हणत सीपीयूचा डबा उघडला, मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला, धूळही झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच तास मागे! रोज बरोबर साडेपाचच तास, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. सेल गेला तर घड्याळ कसंही भरकटतं, ठरावीक अंतर राखत नाही. साडेपाच तास म्हणजे जागतिक वेळ आणि भारतीय वेळ यांतला फरक. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएलची (timedatectl) एक आज्ञा देऊन स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की काम होतं. सेलचे पैसे गेले ते गेले.

मग हौसेने घरच्या घरी वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचा प्रोग्रॅम. वेबसाइटची पानं पुरवणारा अपाची सर्व्हर सुरूच होत नसेल तर ८० नंबरचं पोर्ट (त्याचं नेहमीचं दार) दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने धरलंय का बघा. फाइल अपलोड होत नसेल तर फोल्डरला ७७७ परवानगी (कुणालाही काहीही करायची मुभा) देऊन मोकळे होऊ नका. फोल्डरचा मालक बदलून तो अपाचीच्या नावावर करा. घरच्या मशिनवर ७७७ खपून जातं, पण तीच सवय सर्व्हरवर जाते.

मराठी मजकूर बिघडला तर आधी तो नीट न्याहाळा. टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. पण डेटाबेसमध्येच ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेली, बॅकअप शोधा. वर्डप्रेसचा मजकूर साठवणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ हा अक्षरसंच डीफॉल्ट असायचा, तिथं देवनागरी मावत नाही. मायएसक्यूएलमधला नुसता 'यूटीएफ-८' निवडला तरी पूर्ण सुटका नाही. त्यात एका अक्षराला तीनच बाइट जागा असते. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, ते मावतात. इमोजीला चार लागतात. त्यामुळे पोस्टमधलं मराठी ठीक दिसतं आणि कुणी हसरा चेहरा टाकला की एरर येते किंवा पुढचा मजकूरच कापला जातो. टेबल बनवतानाच 'यूटीएफ-८-एमबी-४' निवडा.