सोसायटीत आपलं सदस्यत्व नेमकं कोणतं?

मुंबईत फ्लॅट दोघांच्या नावावर असला, तरी सोसायटीच्या मतदानात मत एकच. सोसायटी सदस्यत्वासाठी देते त्या शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, तो मुख्य सदस्य. नंतरच्या नावाचा, पण फ्लॅटमध्ये मालकी हक्क असलेला तो संयुक्त सदस्य. सहयोगी सदस्याचं नाव सर्टिफिकेटवर नसतंच. तो पती-पत्नी, मुलगा, सून, भाचा असा महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात दिलेल्या नात्यातलाच लागतो आणि निवडणुकीत मतदानासाठी मुख्य सदस्याची आगाऊ लेखी संमती हवी. तोंडी सांगणं चालत नाही. मत इथेच अडतं.

सगळ्यात मोठा गोंधळ नॉमिनीचा. याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार सदस्याच्या निधनानंतर नॉमिनी तात्पुरता सदस्य होतो, वारस दाखल होईपर्यंत. तेवढ्यावर घर त्याच्या मालकीचं होत नाही. म्हणून नॉमिनेशनसोबत मृत्युपत्रही कराच.