निवृत्तीनंतर पैसा आणि प्रकृती यांचा हिशेब एकत्र कसा मांडावा

निवृत्तीनंतर पगार थांबतो. खर्च थांबत नाही, त्याचे स्वरूप बदलते. कामावर येण्याजाण्याचा खर्च घटतो, तर औषधे, तपासण्या आणि पुढे मदतनीस यांवरचा खर्च वाढत जातो. म्हणून पैसा आणि प्रकृती यांचा हिशेब एकाच वहीत मांडणे शहाणपणाचे ठरते.

प्रथम तीन महिने प्रत्येक खर्च लिहून काढावा. पेन्शन, व्याज, भाडे असे नियमित उत्पन्न त्यातून वजा केल्यावर जी तूट उरते, तेवढीच रक्कम जमापुंजीतून काढायची आहे. हा आकडा हाती येईपर्यंत मोठी गुंतवणूक करू नये आणि कोणाला मोठी रक्कम उसनीही देऊ नये.

त्यानंतर पुंजीची विभागणी करावी. वर्षभराची तूट भागेल इतकी रक्कम बचत खात्यात, पुढील काही वर्षांची मुदत ठेवींत आणि उरलेली दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ठेवावी. सगळा पैसा ठेवींतच ठेवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु महागाई दरसाल ६ टक्के राहिली, तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे साठाव्या वर्षीचा खर्च चौऱ्याऐंशीव्या वर्षी चौपट झालेला असतो. उलट सगळी रक्कम शेअर बाजारात असेल आणि पहिल्याच काही वर्षांत बाजार कोसळला, तर पडत्या भावाने विक्री करावी लागून पुंजी लवकर संपते. किती रक्कम काढावी यासाठी विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून एक अंदाज मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के आणि पुढे महागाईनुसार वाढ, म्हणजे पुंजी ३० वर्षे टिकते. माझ्या मते ही मर्यादा समजावी, हक्क नव्हे. जिथे महागाई अधिक, तिथे हात आणखी आखडता घ्यावा.

उपचारांसाठीचा निधी या विभागणीत मिसळू नये. नोकरीबरोबर मिळालेला आरोग्य विमा निवृत्तीनंतर चालू राहतो का, हे आधीच विचारून घ्यावे. नवीन पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) आणि स्वतः भरायचा हिस्सा नीट वाचावा. अर्जात आजार लपवू नयेत, कारण ऐन गरजेच्या वेळी दावा त्यावरूनच फेटाळला जातो.

सर्वांत दुर्लक्षित बाब औषधांची आहे. निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या एकमेकींना बाधक ठरू शकतात, आणि चक्कर येऊन पडण्यामागे पुष्कळदा त्याच असतात. त्यामुळे प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व कारण एकाच कागदावर लिहून तो कागद दर भेटीत डॉक्टरांना दाखवावा आणि ‘यातले आता कोणते कमी करता येईल?’ असे स्पष्ट विचारावे. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया, मदतनीस आणि परावलंबन हे सारे एकदम येते, म्हणून हे व्यायाम पैशाच्या दृष्टीनेही मोलाचे आहेत.

शेवटी कागदपत्रे पाहावीत. वारस नोंद, मृत्युपत्र आणि आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा याची लेखी नोंद, ही कामे प्रकृती ठणठणीत असतानाच उरकावीत. विश्वासातल्या एका व्यक्तीला शेजारी बसवून पॉलिसी, ठेवींच्या पावत्या आणि औषधांची यादी कुठे ठेवली आहे ते दाखवावे. मात्र पासवर्ड आणि ओटीपी फोनवर कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, देऊ नयेत.